सोन्याच्या दुकानात तांबे

कडेगावच्या पेठेत माझ्या चुलतभावाचे सराफीचे दुकान आहे. दुकान मोठे नाही. काचेची दोन कपाटे, एक काउंटर, गिऱ्हाइकांसाठी चार खुर्च्या, मागे तिजोरी आणि तिजोरीवर लक्ष्मीची तसबीर. या दुकानात गेल्या वर्षी एक भांडण झाले. कोणाचा आवाज चढला नाही, कोणी ताटावरून उठले नाही. पण सासरा आणि सून दोन-तीन महिने एकमेकांशी कामापुरतेच बोलत होते. भांडणाला कारण तांब्याची वीस-बावीस कडी आणि मूठभर कानातली.

ही कडी सूनबाईने स्वतःच्या हाताने घडवलेली. तिला ती दुकानात विकायला ठेवायची होती. तीही मागच्या फळीवर नव्हे, तर समोरच्या काचेत, चांदीच्या पैंजणांना लागून, सोन्याच्या ट्रेपासून वीतभर अंतरावर. अण्णांनी साफ नकार दिला. म्हणाले, "सराफाच्या काचेत तांबं दिसलं की गिऱ्हाईक काय म्हणंल? ह्याच्या सोन्यात बी हेच असणार."

मध्यस्थ म्हणून मला बोलावणे आले. बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला घरचे लोक असल्या कामाला बोलावतात. त्यांना वाटते, हा कागदपत्रे पाहून निकाल देईल. त्यातून मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे माणसांचे मन ओळखत असणार, असाही एक गैरसमज आहे. खरे सांगायचे तर कडेगावच्या एस.टी.त बसताना मी अण्णांच्याच बाजूचा होतो.

त्यालाही कारण होते. १९८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. एका खेड्यातल्या शाखेत मी सोनेतारण कर्जाचे टेबल सांभाळत होतो. एक बाई पाटल्यांची जोडी घेऊन आल्या. विहिरीवरची मोटर जळाली होती, पीक वाळत होते. बँकेच्या सराफाने पाटली कसोटीच्या दगडावर घासली. रेघ पिवळी उठली, तेजाबाच्या थेंबालाही टिकली. पण पाटली हातात घेऊन तो थांबला. जाडीच्या मानाने वजन कमी भरत होते. बाईंना विचारून त्याने कडेला कानस लावली आणि आतून लाल रंग दिसला. वर सोन्याचा पत्रा, आत तांब्याचा गाभा. "माझ्या सासूनं लग्नात घातल्यात ह्या," एवढेच त्या म्हणाल्या. मी तरुण होतो, नियमाचा पक्का होतो. रांगेत दहा-बारा माणसे होती. मी पाटल्या परत देताना मोठ्याने सांगितले, की हे सोने नाही, तांबे आहे, यावर कर्ज मिळणार नाही. मोठ्याने सांगायची काहीच गरज नव्हती. पुन्हा कोणी असले काही घेऊन येऊ नये, असा माझा त्यात हिशेब होता. बाईंनी विचारले, "मग ह्याचं काय करू?" सराफ म्हणाला, "घाला की." त्यांनी त्या हातात घातल्या नाहीत. पदराच्या टोकात गाठ मारून बांधल्या आणि निघून गेल्या.

तेव्हापासून तांबे म्हटले की मला फसवणूक आठवते. अण्णांचे मात्र तांब्याशी नाते माझ्यापेक्षा जुने आणि खोल आहे.

ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. कडेगाव पूर्वी खानापूर तालुक्यातच होते, स्वतंत्र तालुका अलीकडचा. पाऊस नाही म्हणून इथली पोरे बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करणे. आज कोइमतूर, मद्रास, केरळ, कोलकाता, दिल्ली, पंजाब, कुठल्याही सराफकट्ट्यामागच्या गल्लीत जा, एखाद्या जिन्याखाली भट्टी पेटलेली असते आणि भट्टीपुढचा माणूस आपल्या माणदेशी-खानापुरी मराठीत फोनवर बोलत असतो. मोहरमला कडेगावचे गगनचुंबी ताबूत निघतात तेव्हा हीच माणसे मुलाबाळांसह गावी येतात. ताबुतांच्या त्या बांबूच्या आणि रंगीत कागदाच्या झगमगाटात गुंजभरही सोने नसते, हे वर्षभर सोने गाळणाऱ्यांना खटकत नाही.

अण्णा १९७२ च्या दुष्काळात पंधराव्या वर्षी गेले, कोइमतूरला, एका नात्यातल्या मामांच्या हाताखाली. गाडीभाड्याचे पैसे माझ्या चुलतीने बोरमाळेचे मणी मोडून दिले. तिकडे चाळीस वर्षे त्यांनी भट्टीपुढे काढली. त्यांच्या तोंडून ऐकलेली गलाईची रीत अशी. मोडीत आलेला दागिना वितळवायचा, त्यात सोन्याच्या तिपटीच्या आसपास चांदी घालायची, पातळ करून तो मिश्रधातू नत्राम्लात सोडायचा. चांदी आणि तांबे आम्लात विरघळतात. सोने तेवढे तपकिरी भुकटीसारखे तळाशी राहते. ते धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळवले की चोख सोन्याची लगड. मग उरलेल्या पाण्यातली चांदी परत मिळवायची. त्यासाठी पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. तांबे विरघळत जाते आणि त्याच्या बदल्यात चांदी राखाडी गाळासारखी खाली बसते. शेवटी भांड्यात उरते ते निळे पाणी. तेच तांबे. आम्लातून उठणारा तांबूस धूर छातीत भरतो. अण्णांचा खोकला त्या धुराचा आहे असे घरातले सगळे म्हणतात. अण्णा म्हणत नाहीत.

म्हणजे या माणसाने जन्मभर केले काय, तर सोन्यातून तांबे काढले. चांदी सोडवून घ्यायला त्या मोबदल्यात तांबे दिले. त्याला उतारवयात कोणी सांगावे, की हेच तांबे आता तुमच्या काचेत सोन्याशेजारी ठेवा! त्यांचा नकार मला समजला. पण त्यांचा खोकला ऐकत त्या ओसरीवर बसलो असताना एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. हे एवढे तांबे सोन्यात आले कुठून?

आपणच घातलेले असते. चोख सोने मऊ असते, त्याचा घाट टिकत नाही. बावीस कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. बाकी ८४ भाग तांबे, चांदी वगैरे. शंभर ग्रॅमचे दागिने अंगावर घालणारी नवरी आठ ग्रॅमच्या वर हा हिणकस ऐवज मिरवत असते आणि त्याच्याच जोरावर तिच्या तोड्यांना आकार राहतो. चांदीचेही तेच. हजारात ९२५ भाग चांदी, उरलेले बहुतेक तांबे. आणि हीन धातू म्हणून ज्याला नाक मुरडायचे, त्याला वितळायला सोन्यापेक्षा थोडी जास्तच आच लागते: सोन्याला १०६४ अंश सेल्सिअस, तांब्याला १०८५.

या मिश्रणावरून आपल्या देशात एकदा मोठे रामायण घडले आहे. १९६२ चे चीन युद्ध झाले, परकीय चलनाची ओढ होती, सोन्याची चोरटी आयात चालू होती. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरट म्हणजे हजारात ५८५ भाग सोने. लोकांनी ते 'तांबूस सोने' नाकारले. दागिन्यांची मागणी बसली, गावोगावचे सोनार देशोधडीला लागले, कित्येकांनी जीव दिला. चौदा कॅरटची अट १९६६ साली मागे घ्यावी लागली, पण १९६८ च्या कायद्याने नियंत्रण पुढे चालू राहिले. ते रद्द व्हायला १९९० उजाडले आणि मधू दंडवते अर्थमंत्री असावे लागले. लोकांचे म्हणणे साधे होते: सोने म्हणून देता तर सोने द्या.

आता काळाची गंमत पाहा. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने लाखाची रेघ ओलांडली. त्याच वर्षी जुलैत नऊ कॅरटचे दागिनेही हॉलमार्कच्या चौकटीत घेतले गेले. नऊ कॅरट म्हणजे हजारात ३७५ भाग सोने. सोन्यापेक्षा इतर धातूच जास्त. साठ वर्षांपूर्वी जे सक्तीने गळी उतरले नाही, ते महागाईने उतरू लागले आहे. यात मला गैर काही वाटत नाही, कारण यावेळी दागिन्यावर आकडा कोरलेला असतो. घेणाऱ्याला ठाऊक असते, आपण काय घेतो आहोत.

माझ्या त्या पाटल्यांवर आकडा नव्हता. तांब्याने त्या बाईंना फसवले नव्हते. तांब्याला सोने म्हणणाऱ्याने फसवले होते, आणि तो सासूच्याही आधीचा कोणी असेल. हे समजायला मला इतकी वर्षे लागावीत याची शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने मला मागच्या खोलीत नेले. तिथे एक सत्तरीचे सोनार कारागीर बसले होते. हातात जंत्री, पोलादी पट्टीला लहान होत जाणारी भोके, त्यातून तांब्याची तार ओढत होते. कडेगावच्या परिसरात एकेकाळी त्यांच्या हातच्या ठुशीला नाव होते. पुढे मुंबई, राजकोट, कोइमतूरहून यंत्रावर घडलेला तयार माल येऊ लागला आणि सराफांच्या दारातला कारागीर डाख देण्यापुरता, तुटलेली कडी सांधण्यापुरता उरला. त्यांची दोन्ही मुले नोकरीला गेली. मी विचारले, "तांब्यात काम करायला कसं वाटतं?" ते हसले. "साहेब, आम्ही शिकलो ते तांब्यावरच. माझ्या वडलांनी पहिली दोन वर्षं सोन्याला हात लावू दिला नव्हता. आता शिकायला कोण सोनं देणार?"

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लाखाच्या घरातले सोने शिकाऊ हातात कोणी देत नाही, आणि तांब्याचे काम दुकानात ठेवायला कोणी तयार नाही. मग हात तयार व्हायचे कुठे? सूनबाई स्वतः पुण्यात शिकत असताना दोन उन्हाळे तांबट आळीत जाऊन बसायची. पेशवाईपासून त्या आळीत भांडी घडवणाऱ्यांचे हातोडे चालत आले आहेत. भांड्यावर ओळीने ठोके देऊन चकाकत्या टिकल्या उठवायच्या, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांडे दिसायला देखणे होते आणि पत्राही कणखर होतो. तेच मठारकाम तिने बोटभर रुंदीच्या कड्यावर आणले. एका कड्याला तिला दीड दिवस लागतो.

आणि इथेच सराफी हिशेब उलटा होतो. सोन्याच्या दागिन्याच्या किमतीत धातू डोंगराएवढा आणि घडणावळ त्याच्या पायथ्याशी. शिवाय दागिना मोडीत आला की कारागिराच्या हाताची किंमत शून्य. ठुशी असो की वेडीवाकडी साखळी, मुशीत दोन्हींची एकच लगड. चाळीस वर्षांत अण्णांनी किती कारागिरांची कामे वितळवली असतील, त्याची मोजदाद नाही. तांब्याचे बरोबर याच्या विरुद्ध. तांबे किलोमागे हजार-बाराशे रुपये. वीस ग्रॅमच्या कड्यात धातू वीस-पंचवीस रुपयांचा. सूनबाईने किंमत लावली होती आठशे. म्हणजे जवळजवळ सगळी किंमत दीड दिवसाच्या हाताची, आणि त्यात तिची रोजंदारी फार भरते असेही नाही. अण्णा म्हणाले, "वीस रुपयाच्या तांब्याला आठशे म्हंजे लूट न्हवं का?" मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही ज्याला लूट म्हणताय, त्याला बँकेत आम्ही मजुरी म्हणायचो." हे जरा फुशारकीनेच म्हणालो, कारण बँकेनेही त्या मजुरीवर कधी कर्ज दिलेले नाही. सोन्याच्या वजनावर दिले. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्राची विश्वकर्मा योजना आली, तिच्या अठरा व्यवसायांत सोनार आहे, लोहार आहे, माळी आणि शिंपीही आहेत. तांबट म्हणून वेगळा कोणी नाही. आणि वस्तू व सेवा कराच्या वर्गवारीत मौल्यवान धातू नसलेला दागिना 'नकली दागिना' ठरतो. कर सोन्याइतकाच, तीन टक्के. पण नकली कशाचा? तांब्याचे कडे तांब्याचीच नक्कल कशी करणार?

नाहीतर आपल्याकडे या धातूला पत होती. जोर्वे गावच्या उत्खननात तांब्याच्या कुऱ्हाडींबरोबर तांब्याचे कडेही सापडले आहे. ते तीन हजार वर्षांहून जुने आहे. राजांनी जमिनी दिल्या त्या ताम्रपटावर कोरून दिल्या. शिवाजीमहाराजांच्या टांकसाळीत सोन्याचा होन पडला तशी तांब्याची शिवराईही पडली, आणि बाजारहाट चालला तो शिवराईवर. हा सगळा प्रतिसरकारचा मुलूख, कुंडल इथून जवळच. १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांना सरकारने ताम्रपट दिले. इथल्या कितीतरी घरांत तो देवघराच्या वर टांगलेला दिसतो. तो मोडीत किती भरेल, असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

तरीही तांबे घाला, सोने कशाला हवे, असला उपदेश मला करायचा नाही. तो पुरुषांनी तर करूच नये. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, घर नाही, तिच्या गळ्यातले चार मणी हीच तिची ठेव असते. माझ्या चुलतीने बोरमाळ मोडली म्हणून अण्णा कोइमतूर गाठू शकले. आता टेंभूचे पाणी आले, ऊस दिसू लागला, तरी जुन्या बायका सोन्याला धरून आहेत, ते शहाणपणच आहे. तांब्याच्या कड्याने मोटर दुरुस्त होत नाही. सोने अडीअडचणीला असते. पण अंगावर काही सुंदर घालावेसे वाटणे ही अडीअडचण नव्हे, आणि ज्यांना सोने परवडत नाही त्यांना ती इच्छा नसते असेही नव्हे. आज त्या बायका बाजारातून मुलामा दिलेला माल घेतात. चार महिन्यांत मुलामा उडतो आणि लग्नाच्या मांडवात हात पदराखाली घ्यावा लागतो. तांब्याचे कडे काळवंडले तर चिंच-मीठ लावून पुन्हा लख्ख होते. त्याला लपवण्यासारखे आत काही नाही.

मी हे सगळे अण्णांना एका दमात सांगितले नाही. अण्णांना एका दमात कोणीच काही सांगू शकत नाही. ते उठून दुकानात गेले, संध्याकाळी आले, जेवले, आणि सुपारी कातरता कातरता त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. तांब्याचा ट्रे वेगळा, खाली पांढरा कपडा, सोन्याचा लाल. पाटीवर मोठ्या अक्षरात 'तांबे' लिहायचे, 'कॉपर ज्वेलरी' नव्हे, कारण म्हाताऱ्या बायकांना वाचता आले पाहिजे. प्रत्येक कड्याच्या आतल्या बाजूला तेच अक्षर ठोकायचे. पिवळा मुलामा या दुकानात कधीही द्यायचा नाही. घामाने मनगट हिरवट होते, हे गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगायचे. आणि बिलबुक वेगळे.

सूनबाईने एक अट आपल्याकडून घातली. सांधेदुखीवर गुणकारी म्हणून कडे विकायचे नाही. अण्णांना हे पटेना. तांब्याचे कडे हातात असले की गुडघे दुखत नाहीत, हे त्यांना लहानपणापासून माहीत. आणि त्या एका वाक्यावर माल दुप्पट खपला असता, हेही खरे. पण इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली आणि पुन्हा २०१३ साली संधिवाताच्या रुग्णांना तांब्याची कडी घालायला देऊन पाहिले. नुसत्या समजुतीने जेवढा फरक पडतो त्याहून जास्त काही आढळले नाही. ती म्हणाली, "मामा, तांब्याला सोनं म्हणायचं नाही, तसंच औषध पण म्हणायचं नाही." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या मनगटात एक जुने तांब्याचे कडे आहे. ते त्यांनी बाहीखाली सरकवले.

यंदाच्या पाडव्याला मी मुद्दाम कडेगावला गेलो. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दारावर गुढी होती आणि गुढीवर पालथा घातलेला तांब्या, नावाप्रमाणे तांब्याचाच. आत सोन्याच्या ट्रेपासून वीतभर अंतरावर पांढऱ्या कपड्यावर कडी मांडलेली. बरीचशी गिऱ्हाइके पाहून पुढे जात होती. कॉलेजातल्या दोन मुलींनी कानातली घेतली. एका गृहस्थांनी पाटी वाचून "सराफाकडं तांबं?" म्हणून नाक मुरडले, आणि अण्णांनी तिकडे न पाहता त्यांच्या अंगठीचे वजन केले.

दुपारी तिकडच्या वाडीवरच्या एक बाई आल्या. मंगळसूत्रासाठी सोन्याचे दोन मणी घेतले, ग्रॅमभराचेही नसतील. मग बराच वेळ त्या तांब्याच्या ट्रेपाशी उभ्या राहिल्या. एक कडे हातात चढवले, काढले, पुन्हा चढवले. अण्णांनी दोन बिले केली. पहिल्यावर वजन, भाव, घडणावळ, सगळे रकाने भरले. दुसऱ्या बिलबुकावर वजनाच्या आणि भावाच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि आठशेचा आकडा घडणावळीत लिहिला.

बाईंनी विचारले, "ह्याला मोड किती येईल?"

"तांब्याला मोड न्हाय, ताई," अण्णा म्हणाले. "वाकलं, चेपलं तर आणा. सरळ करून देऊ."

"त्याला पैसं?"

अण्णांनी मागच्या खोलीकडे पाहिले. आत हातोडीचा आवाज चालू होता.

"पावती तेवढी ठेवा," ते म्हणाले.